आहेर विकतचा की हातचा?



या पत्रिकेत आपण बेणे, खते, पाणी, तोडणी आणि उसाचा भाव यांविषयी नेहमी वाचतो. ते जरुरीचेच आहे. पण बिलाचा पैसा घरात आल्यावर कोणकोणत्या दारांनी बाहेर पडतो, हाही विषय सभासदांच्याच हिताचा आहे. त्यातले एक दार म्हणजे आहेर. त्याबद्दल चार शब्द लिहावेत असे पुष्कळ दिवस मनात होते.

गाळप संपते, पट्टा पडतो आणि लग्नसराई सुरू होते. मांडवात काय चालते ते आपण सर्वजण पाहतो. माइकवर नावे पुकारली जातात. टॉवेल-टोपी, उपरणे, साडी-चोळी यांचे गठ्ठे इकडून तिकडे जातात. त्यातला टॉवेल अंग पुसायच्या कामाचा नसतो, टोपी डोक्याला बसत नाही आणि साडीला पिशवीतून बाहेर काढण्याआधीच पुढच्या लग्नाची वाट दाखवलेली असते. एकच साडी पाच मांडव फिरून पुन्हा मूळ घरी आल्याची गंमत आपल्या भागात कोणी ऐकली नसेल असे नाही. आपण हसतो आणि दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन तसलाच गठ्ठा आणतो.

हिशेब करून पाहा. दोनशे पाहुण्यांचा मान टॉवेल-टोपीने करायचा आणि जोडी दीडशे रुपयांना पडली असे धरले, तर तीस हजार रुपये झाले. तोडणी-वाहतूक वजा जाता टनामागे तीन हजार हाती पडतात असे धरले, तर हा दहा टन ऊस झाला. आपल्या पारनेर तालुक्यात पाण्याची काय तऱ्हा आहे ते सुप्याच्या माणसाला सांगायला नको. मोटार रात्री-अपरात्री चालू करून, विहिरीचा तळ बघत, वर्षभर जपलेला दहा टन ऊस कुणाच्याही अंगाला न लागणाऱ्या कापडावर जातो. आणि ज्याच्या बिलातून सोसायटीची कपात होऊन हाती फार काही उरत नाही, त्याने हा मान उसनवारीवर करायचा! ऋण काढून सण करू नये असे आपलेच वाडवडील सांगून गेले.

पण पैशापेक्षाही मोठे नुकसान दुसरे आहे. प्रत्येक घरात आहेराची वही असते. कुणी काय घातले ते तीत लिहिले जाते आणि त्यांच्याकडे कार्य निघाले की वही उघडून तेवढ्याच किमतीची वस्तू परत केली जाते. म्हणजे झाले काय, तर मामा, मावशी, आत्या ही नाती जमा-खर्चाच्या रकान्यात जाऊन बसली. हातची वस्तू मात्र या वहीत बसत नाही. मावशीने महिनाभर दुपारी बसून शिवलेल्या दुपट्याची किंमत कोणत्या रकान्यात लिहाल? ती फेडताच येत नाही, आणि म्हणूनच ते नाते चालू राहते.

हातची वस्तू म्हणजे गरिबाची वस्तू, असा एक समज अलीकडे पसरला आहे. तो खरा नाही. मार्च १९४२ मध्ये इंदिराजींचे लग्न झाले. नेहरूंच्या घरी काय कमी होते? पण लेकीने नेसलेली गुलाबी साडी खादीची होती आणि तिचे सूत बापाने तुरुंगात बसून कातलेले होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांचे लग्न झाले, तेव्हा गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचे विणलेले एक वस्त्र भेट पाठवले. त्यावर ‘जय हिंद’ अशी अक्षरे विणलेली होती. हिऱ्या-मोत्यांच्या राशीत ती भेट राजघराण्याने सत्तर वर्षे जपली आणि २०१८ साली भारताच्या पंतप्रधानांना काढून दाखवली. ज्यांचे नाव आता आपल्या जिल्ह्याला दिले आहे, त्या चौंडीच्या लेकीने, अहिल्याबाईंनी, महेश्वरला विणकर वसवले. तिथली हातमागाची साडी दरबारी पाहुण्यांना भेट म्हणून दिली जाई असे सांगतात. मग आपल्याला कशाची लाज?

आता आपल्या घरात काय काय होऊ शकते ते पाहू. पहिली आपली गोधडी, कुणी तिला वाकळ म्हणतात. जुने लुगडे, धोतर, पंचा, सुती पातळ धुऊन, खळ काढून, थरावर थर अंथरायचे, कोपऱ्यांवर दगड ठेवून ताणायचे आणि कडेने धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचे. काम सोपे, पण चिकाटीचे. एक सूचना मात्र लक्षात ठेवावी. आजकाल घरात निघणाऱ्या जुन्या साड्या बहुतेक सिंथेटिक असतात. त्या घाम टिपत नाहीत. बाळासाठी शिवायची असेल, तर आतबाहेर सुतीच कापड घ्यावे. जुन्या धोतरासारखे मऊ कापड कोणत्याही दुकानात मिळत नाही, कारण ते मऊ व्हायला वीस वर्षांचे धुणे लागते. शिवाय त्यात माणूस असतो. आजा गेला, पण त्याच्या धोतराची कुंची आणि दुपटे पणतवंडाच्या अंगावर आले, याहून मोठा बाळंतविडा कोणता?

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गीज बेंड म्हणून एक खेडे आहे. कापसाच्या मळ्यात राबणाऱ्या काळ्या कष्टकऱ्यांचे. तिथल्या बायाही आपल्यासारख्याच फाटक्या विजारींच्या, सदऱ्यांच्या गोधड्या शिवत, थंडीत लेकरांना पांघरायला. त्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. आपल्या आयाबायांची गोधडी काही कमी नाही. फक्त आपण तिला माळ्यावर टाकली आणि वर ब्लँकेट विकत आणले.

दुसरी वस्तू खास आपल्या मालाची आहे, ती म्हणजे हलव्याचे दागिने. संक्रांत ऐन गाळपात येते. नव्या सुनेचा पहिला संक्रांतसण आणि लहान लेकराचे बोरन्हाण, या दोन्हींना काळ्या कापडावर पांढरा हलवा लागतो. आपल्या उसाची साखर सुनेच्या गळ्यात हार म्हणून पडावी, यासारखी शोभा नाही. पण आपणच तो हार पुठ्ठ्याच्या पेटीतून विकत आणतो. हलवा करायचा तो असा. साखरेच्या निम्मे पाणी घालून कच्चा पाक करावा. उकळी आली की चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढावी, गुऱ्हाळात भेंडीने काढतात तशीच. मंद निखाऱ्यावर परात ठेवून तीत खसखस, तीळ, साबुदाणा किंवा शेंगदाणे घ्यावेत आणि चमचा-चमचा पाक टाकत बोटांनी सारखे हलवत राहावे. घाई केली की गोळा होतो, जाळ वाढवला की पिवळा पडतो. पहाटेच्या कोरड्या थंडीत काटा छान येतो. एका बैठकीत होत नाही, तीन-चार पहाटा लागतात. मग तो दोऱ्यात बांधून हार, बाजूबंद, बिंदी, कंबरपट्टा, आणि मुलगा असेल तर मुकुट व मुरली करावी.

याशिवाय पुष्कळ आहे. लग्नघरी पाठवायचे गव्हले, मालत्या, नखुल्या. रुखवतातल्या कुरडया, शेवया, सांडगे. क्रोशाचा ताटावरचा रुमाल, मण्यांचे तोरण. दिवाळीला कापसाची वस्त्रे आणि वाती, मुलांनी कामट्या आणि खळ घेऊन केलेला आकाशकंदील. आता रुखवत भाड्यानेसुद्धा मिळते म्हणे! सकाळी मांडायचे, संध्याकाळी परत करायचे. मग ते मांडायचे तरी कुणासाठी?

इथवर वाचून पुरुष मंडळी मान डोलावत असतील की घरच्या बायकांना हे वाचून दाखवू. तर बंधूंनो, जरा थांबा. खर्च वाचला तुमच्या खिशाचा आणि राबणूक वाढली तिच्या हातांची, असा हा सौदा नव्हे. ती पहाटे उठते, धारा काढते, स्वयंपाक करते, शेतात येते, आणि सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या लेकी-सुनाही आता कमी नाहीत. तिला गोधडी शिवायला वेळ हवा असेल, तर तिच्या डोक्यावरचे दुसरे काहीतरी काम तुम्ही उचलले पाहिजे. आणि तुमचे हात काय फक्त पानाला चुना लावायला आहेत? पोळ्याला बैलासाठी गोंडे, माथोटी, कासरे आपले आजे स्वतः वळत होते. ज्वारीच्या धांड्याचे भेंड आणि सालटी घेऊन नातवाला बैलगाडी करून देणारा आजा प्रत्येक वस्तीवर होता. लेकीच्या बाळाला पाळणा, नव्या सुनेला पोळपाट, म्हाताऱ्या आईला बसायला पाट, हे ज्याला जमते त्याने करावे. हाताला करवत लावून बापाने केलेला पाट वाकडा झाला, तरी लेक तो पाट टाकणार नाही.

कोणी म्हणेल, “आवो, येवढा येळ कुणाला हाये?” प्रश्न रास्त आहे. पण गोधडी कधी एकटीने शिवलीच जात नव्हती. शेतात सावड असते तशीच तिचीही सावड होती. आज चौघी माझ्या ओट्यावर, पुढच्या आठवड्यात तुझ्या. शिवता शिवता सुखदुःखाच्या गोष्टी होत, नवी सून बोलती होई, म्हातारीला ऐकायला कोणी मिळे. वेळ आजही आहे, फक्त तो मोबाइलच्या पडद्यावर वेचला जातो. तरीही ज्यांना खरोखरच जमत नाही, त्यांनी गावातल्या बचत गटाकडून करून घ्यावे. मात्र तिथे घासाघीस करू नये. दुकानदाराने सांगितलेला भाव आपण मुकाट्याने देतो आणि ओळखीच्या बाईने महिनाभर शिवलेल्या गोधडीला “एवढे कसे?” विचारतो. उसाला कष्टाचा भाव मिळावा म्हणून आपण भांडतो. मग तोच न्याय तिलाही लावला पाहिजे.

दुसरे कोणी म्हणेल, लोक काय म्हणतील? लोक आधी नावे ठेवतील, मग बघून जातील आणि मग तसेच करतील. आपल्याच तालुक्यात राळेगणसिद्धीने सामुदायिक विवाह करून लग्नाच्या खर्चाला आवर घातला. तिथेही पहिल्या जोडप्याला धीर करावाच लागला असेल.

म्हणून सभासदांपुढे तीन गोष्टी ठेवतो. पहिली, टॉवेल-टोपीचा सरसकट मान बंद करावा. ज्येष्ठांचा मान करायचाच तर अंगाला लागेल अशा एका वस्तूने करावा. पुकारा तर नकोच. दुसरी, प्रत्येक घराने वर्षात निदान एक भेट हातची द्यावी, मग ती बाळाची कुंची असो की बैलाचा गोंडा. तिसरी सूचना संचालक मंडळाला आहे. वार्षिक सभेच्या दिवशी मंडपाच्या एका बाजूला सभासदांच्या घरच्या गोधड्यांचे आणि हातच्या वस्तूंचे प्रदर्शन भरवावे, आणि करणाऱ्या बाईचे नाव वस्तूखाली लिहावे. नवऱ्याचे नव्हे, तिचे. शेअरच्या दाखल्यावर पुष्कळ घरांत तिचे नाव नाही. निदान गोधडीखाली तरी असू द्या.

हात फिरे तेथे लक्ष्मी वसे, असे आपण उसाच्या सरीत उभे राहून म्हणतो. तोच हात कापडावर, साखरेवर आणि लाकडावर फिरू द्या. येत्या लग्नसराईत आहेराची वही थोडी कोरी राहिली, तर कुणाचे काही बिघडणार नाही.

विचार पटला तर घरात बोलावे, न पटला तर पत्रिकेकडे लिहून कळवावे. असो. लोभ असावा.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद, सुपा