आधी पट्टी की आधी रंग?

जुनी स्पोर्ट्स कार नव्याने रंगवायची असेल, तर काचेभोवतीचे झिजलेले रबर आणि त्यात बसवलेली धातूची पट्टी कधी बदलावी, हा प्रश्न वरकरणी अगदी क्षुल्लक वाटतो. परंतु गिऱ्हाईक आणि कारागीर यांच्यातली निम्मी भांडणे आम्ही या एका पट्टीवरून झालेली पाहिली आहेत. कापडाच्या कामानिमित्त आमचे दुबईला जाणे-येणे असते. शेजारच्या शारजात, इंडस्ट्रियल एरियात, आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांचे डेंटिंग-पेंटिंगचे वर्कशॉप आहे. रत्नागिरी-रायगडकडची बरीच माणसे आखातात या हुन्नरावर पोट भरतात. बाजार बंद झाला की आमची संध्याकाळ तिथेच जाते. त्यामुळे या विषयावर दोन शब्द लिहिण्याचा आम्हाला थोडाफार हक्क पोहोचतो, असे आम्ही समजतो.

उदाहरणादाखल पोर्श 911 घेऊ. जर्मनीत स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउसन भागात बनणारी ही गाडी 1963 च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. 1978 ते 1983 या काळातले तिचे मॉडेल ‘एस.सी.’ नावाने ओळखले जाते. आखातात शौकीन लोक अशा गाड्या बाळगून आहेत. आजकालच्या गाड्यांच्या काचा गोंदाने चिकटवलेल्या असतात. या गाडीची पुढची काच मात्र जाड रबरात बसते आणि ते रबर पत्र्याच्या कडेवर चढते. रबराच्या बाहेरच्या अंगाला एक खाच असून तिच्यात ॲल्युमिनियमची पातळ पट्टी बसवलेली असते. जुन्या सालात ही पट्टी चंदेरी असे, पुढे काळी आली. पट्टीवर ॲनोडायझिंगचा थर असतो. तो एकदा उडाला, त्यावर ठिपके पडले, की घासून चकाकी परत येत नाही. घासावे तितका उरलासुरला थरही जातो. काळ्या पट्टीवर डब्यातला काळा रंग मारणारे उस्ताद आहेत, पण ते काम फार दिवस टिकत नाही.

रबराचा शत्रू म्हणजे ऊन. आखातातल्या उन्हात ते कडक होते, आक्रसते, कोपऱ्यात भेगा पडतात. पाऊस तिथे थोडा, म्हणून मालक बेफिकीर असतात. पण रोज गाडी धुतल्याचे पाणी आणि समुद्राची दमट हवा त्या भेगांतून आत शिरते आणि खालच्या दोन कोपऱ्यांत साचून राहते. पोर्शने 1976 च्या मॉडेलपासून पत्र्याला जस्ताचा मुलामा दिला हे खरे. परंतु कुणी पूर्वी काच काढताना सुरी किंवा पेचकस पत्र्यावर ओढला असेल, तर तिथला जस्त गेलेला असतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. वरून काहीच दिसत नाही. फार तर रबराच्या कडेला रंगाचा एखादा बारीक फुगा दिसतो.

आता अशी गाडी रंगाला आली की सोपा रस्ता कोणता? रबरावर टेप लावायची, काचेवर कागद चिकटवायचा आणि स्प्रे मारायचा. दोन दिवसांत गाडी चमकते. पण रंग रबराच्या काठाशी येऊन थांबतो आणि तिथे त्याची एक कड उभी राहते. त्या कडेखालून पाणी शिरते व नवा रंग सालीसारखा उठू लागतो. पुढे केव्हातरी मालक रबर बदलतो. नव्या रबराचा ओठ जुन्या ठिकाणी तंतोतंत बसत नाही, आणि जुन्या रंगाची एक रेघ काचेभोवती कायमची उघडी पडते. मग गिऱ्हाईक म्हणते रंग खराब, कारागीर म्हणतो तुम्हीच घाई केली.

आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. जरीचा गोट लावलेली ओढणी रंगरेजाकडे गेली, तर जाणता रंगरेज आधी गोट उसवतो. गोटासकट टबात बुडवली तर जरी काळवंडते आणि शिवणीखाली जुना रंग तसाच राहतो. कोऱ्या कापडाचेही तेच. मागावर दिलेली खळ पूर्ण काढल्याशिवाय रंगवले तर डाग पडणारच. मग रंग कितीही उंची असो. भिवंडी-मालेगावात हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असते. मोटारीच्या धंद्यात मात्र खळ न काढता रंगवलेला माल सर्रास ‘फुल पेंट’ म्हणून विकला जातो, याचे आम्हाला नवल वाटते.

याच्या उलट टोकाचे लोकही आहेत. रंगाच्या आधी नवे रबर, नवी पट्टी बसवून घेतात आणि मग गाडी पेंटरच्या हवाली करतात. त्यांना वाटते, आधी बदलले म्हणजे काम पुरे झाले. वास्तविक नव्या पट्टीवर टेपचा गोंद, थिनरचा हात, स्प्रेची धूळ हे सगळे येते, आणि पत्र्याची कड रबराखाली जशीच्या तशी झाकलेली राहते. पैसे दुप्पट आणि फायदा शून्य.

आमचे मत असे की नवे सामान आधी विकत घ्यावे, आधी जुळवून पाहावे, पण बसवावे मात्र रंगानंतर. हा क्रम अवघड नाही. फक्त त्याला धीर लागतो.

जुने रबर बाहेरच्या बाजूने ब्लेडने कापून काढावे आणि काच अलगद उचलून घ्यावी. रबर वाचवायला जाऊन आतून पायाने काच ढकलणारे धाडसी लोक आम्ही पाहिले आहेत. पुढची काच दोन थरांची असते. तिची कड जरा दुखावली की चीर धावते. रबर स्वस्त, काच महाग, एवढा हिशेब करावा. मागच्या काचेत तापणाऱ्या तारा असतात, त्यांची जोडणी आधी सोडवावी. जुनी पट्टी काढताना बहुधा वाकतेच. ती पुन्हा लावण्याच्या भरवशावर राहू नये.

नवे रबर हाती आले की ते टेबलावर काचेला चढवून पाहावे आणि त्यात पट्टी बसते का ते तपासावे. सामान कंपनीचे असेल तर सहसा अडचण येत नाही. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांसाठी पोर्शचा वेगळा विभाग आहे. पण बाजारात इतरांनी बनवलेले रबरही मिळते आणि त्यातल्या काहींची खाच उथळ असते. पट्टी बसल्यासारखी वाटते आणि कोपऱ्यावर उसळून बाहेर येते. हे रंगानंतर कळले तर गाडी काचेविना उभी, वर्कशॉपची जागा अडलेली, आणि नवा माल येईपर्यंत महिना गेला. आम्ही हजार मीटरची ऑर्डर देण्यापूर्वी एक मीटर धुऊन पाहतो. इथे त्याहून वेगळे काय आहे?

काच निघाल्यावर पत्र्याची कड पूर्ण साफ करून पाहावी. गंज असेल तर तो भाग कापून नवा पत्रा जोडावा. जुन्यावर नवा पत्रा चढवून दुहेरी कड करणे हे आळशीपणाचे काम आहे. रबराची खाच एकेरी कडेच्या जाडीची असते. कड जाड झाली, किंवा तिच्यावर लांबी थापली, की काच ताणात बसते आणि काही आठवड्यांनी उभ्या गाडीत तडकते. मग मालक म्हणतो खडा लागला. प्रायमर आणि रंग कडेवरही पुरा जावा, पण पातळ.

रंग झाल्यावर थांबणे हा या कामातला सर्वांत कठीण भाग. हल्लीचे दोन डब्यांचे रंग भट्टीत साठ अंशांच्या आसपास भाजले की हाताला कोरडे लागतात, पण पुरते कडक व्हायला आणखी दिवस जावे लागतात. ओल्या अंगावर रबर दाबले तर ठसा उमटतो. पेंटर सांगेल तितके दिवस गाडी उभी ठेवावी आणि मालकाच्या रोजच्या फोनला नम्रपणे नकार द्यावा.

बसवण्याची रीत जुनीच आहे. काचेला रबर, रबरात पट्टी, आणि रबराच्या आतल्या ओठात सुतळीसारखी दोरी, दोन्ही टोके खाली मध्यावर. एक माणूस बाहेरून हातांनी काच दाबतो, दुसरा आतून दोरी ओढत जातो आणि ओठ कडेवर चढत जातो. साबणाचे पाणी पुरते. सिलिकॉनचा स्प्रे वर्कशॉपच्या दारातही येऊ देऊ नये. त्याचा अंश हवेत किंवा फडक्यावर राहिला तर शेजारच्या गाडीच्या रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. डॅशबोर्ड चमकवायच्या पुष्कळ बाटल्यांतही हेच असते.

पेंटरांची एक बाजू मात्र न्यायाने मांडली पाहिजे. ते म्हणतात, चाळीस वर्षांची काच आम्ही काढायची, ती फुटली तर भरायची कुणी? हा सवाल रास्त आहे. मूळ काचेला शौकीन लोक किंमत देतात. म्हणून काच काढण्याची मजुरी, नवे रबर, नवी पट्टी आणि फुटीची जबाबदारी या चारही बाबी अंदाजपत्रकात वेगवेगळ्या लिहून त्यावर दोघांची सही घ्यावी. आमच्या नात्यातले गृहस्थ असे करू लागल्यापासून त्यांची दोन-चार गिऱ्हाइके शेजारच्या स्वस्त दुकानात गेली. त्यातले एक, काचेभोवती साली निघालेली गाडी घेऊन, वर्षभरात परत आले.

प्रत्येक गाडीची काच काढलीच पाहिजे, असा आमचा हट्ट नाही. नुसता एक मडगार्ड रंगवायचा असेल, रबर बोटाने दाबल्यावर मऊ लागत असेल आणि कडेला फुगा नसेल, तर त्याला हात लावू नये. पूर्ण रंगाची बात वेगळी.

काम झाल्यावर गाडी ताब्यात घेताना आतला गालिचा उचलून ठेवावा. एकाने बाहेरून साध्या नळीचे पाणी काचेच्या वरच्या कडेवर दहा मिनिटे सोडावे, दुसऱ्याने आत बॅटरी घेऊन खालचे दोन्ही कोपरे पाहावेत. जोराचा फवारा त्या दिवशी नको. थेंब दिसला तर तिथल्या तिथे सांगावे, बाकी रक्कम त्यानंतर द्यावी.