लष्करी तळ उठला, मग गावाचे काय?

लष्करी खर्चात कपात झाल्याची वार्ता कानी आली की शांतताप्रेमी माणसाला समाधान वाटते. आम्हांलाही वाटते. परंतु त्या कपातीचे ओझे नेमके कोणाच्या खांद्यावर पडते, हा प्रश्न त्या समाधानात बहुधा हरवून जातो. तळाच्या वेशीवर दुकान मांडून बसलेला व्यापारी, तळावर नोकरी करणारे नागरी कामगार, सैनिकांच्या मुलांमुळे भरलेली शाळा, यांपैकी कोणीही युद्धखोर नसते. तळ उठला की पहिला फटका मात्र त्यांनाच बसतो. या प्रश्नावर अमेरिकेने गेल्या सहा दशकांत जी शासकीय यंत्रणा उभी केली, ती म्हणूनच अभ्यासण्याजोगी आहे.

१९६१ साली, राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या कारकिर्दीत, तेथील संरक्षण खात्यात ‘आर्थिक समायोजन कार्यालय’ स्थापन झाले. २०२१ साली त्याचे नामांतर झाले व आता स्थानिक लोकवस्ती आणि संरक्षण खाते यांतील सहकार्याचे कार्यालय म्हणून ते ओळखले जाते. हे कार्यालय नुकसानभरपाई वाटत नाही. तळ बंद होणार असे ठरले की गावाने आपले पुनर्विकास प्राधिकरण स्थापावे, जागेचे पुढे काय करायचे याचा आराखडा आखावा, आणि त्यासाठी लागणारा पैसा व सल्ला या कार्यालयाने द्यावा, अशी ही रीत आहे. कामगारांच्या पुनर्प्रशिक्षणाचा भार श्रम खाते उचलते, तर रस्ते, जलवाहिन्या आदी कामांसाठी वाणिज्य खात्याकडून अनुदान मिळू शकते.

तळ बंद करणे हे राजकारण्यांना नेहमीच अवघड गेले आहे. देशाचा खर्च कमी व्हावा असे सर्वांना वाटते. आपल्या मतदारसंघातील तळ मात्र राहावा! यावर उपाय म्हणून आयोगाने यादी करायची आणि ती संपूर्ण स्वीकारायची वा संपूर्ण नाकारायची, अशी पद्धत आली. १९८८, १९९१, १९९३, १९९५ व २००५ अशा पाच फेऱ्या झाल्या. पहिल्या चार फेऱ्यांतच ९७ मोठ्या तळांवर गदा आली.

पण यादी एक असली तरी गावांचे नशीब एक नसते. न्यू हॅम्पशायर राज्यातील पीझ हा हवाई दलाचा तळ १९९१ साली बंद झाला. बोस्टन महानगर जवळ, हमरस्ता लगत, बंदर शेजारी. तेथे आज उद्योगनगरी व विमानतळ आहे, आणि सैन्याच्या काळाहून कितीतरी अधिक नागरी रोजगार आहेत. याउलट मेन राज्याच्या ईशान्य टोकावरील लाइमस्टोन पाहा. तेथील लोरिंग तळ १९९४ साली बंद झाला. १९९० च्या जनगणनेत सुमारे ९,९०० असलेली गावाची लोकसंख्या २००० साली २,४०० च्या आसपास उरली. सरकार स्वस्थ बसले असे नव्हे. संरक्षण खात्याचे हिशेब कार्यालय तेथे आणले गेले. १९९५ साली विज्ञान व गणित यांची निवासी शाळा सुरू झाली. तरीही गेलेली कुटुंबे परतली नाहीत. योजना कागदावर कितीही सुबक असो, गाव कोठे वसले आहे यावर तिचे यश फार अवलंबून असते, असे आमचे मत आहे. म्हणूनच दूरच्या गावांना मदत अधिक व दीर्घकाळ मिळावयास हवी होती.

जमिनीच्या किमतीबाबत तर शासनाने अनेकदा भूमिका बदलली. रोजगारनिर्मितीसाठी ती सवलतीत देण्याची सोय १९९३ साली झाली, १९९९ साली विनामूल्य देण्याची मुभा मिळाली, २००१ साली पुन्हा बाजारभावाचा आग्रह आला आणि २००९ साली तो सैल झाला. ज्या गावाचा रोजगार आधीच गेला त्याच्याकडून बाजारभाव मागणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. १९९४ च्या कायद्याचे मात्र मनःपूर्वक स्वागत करावेसे वाटते. आराखडा आखताना परिसरातील बेघरांच्या गरजा विचारात घेणे त्याने बंधनकारक केले.

येथे आपल्या मुंबईची आठवण होते. डिसेंबर १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय युखरिस्त अधिवेशनासाठी आलेले पोप पॉल सहावे यांनी, शस्त्रास्त्रांवरील खर्चाचा काही भाग गरिबांसाठीच्या जागतिक निधीत द्यावा, असे आवाहन येथूनच जगाला केले आणि १९६७ च्या ‘पोप्युलोरुम प्रोग्रेसिओ’ या विश्वपत्रात त्याचा पुनरुच्चार केला. तो निधी त्यांना अभिप्रेत होता तसा उभा राहिला नाही. तळ बंद केल्याने पैसा लगेच हाती येतो असेही नाही. २००५ च्या फेरीचा खर्च सुमारे २१ अब्ज डॉलर अपेक्षित होता, तो ३५ अब्जांवर गेला. त्यानंतर संरक्षण खात्याने वारंवार मागणी करूनही काँग्रेसने नवी फेरी मंजूर केलेली नाही.

आणि सैन्य गेले तरी त्याने मागे ठेवलेले विष जात नाही. यशस्वी म्हणून गौरवलेल्या त्याच पीझमध्ये २०१४ साली पिण्याच्या पाण्याची एक विहीर बंद करावी लागली. विमानांची आग विझवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फेसातील रसायने तिच्यात उतरली होती, आणि ते पाणी तेथील पाळणाघरांतील मुलेही पीत होती. मेनमधील ब्रुन्सविक येथील नौदलाचा हवाई तळ २०११ साली बंद झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील जुन्या हँगरमध्ये साठवलेला असाच फेस बाहेर सांडला. पुनर्विकास प्राधिकरणाला इमारतींसोबत हा साठाही वारशाने मिळाला होता.