सिरोंचातून एमबीएला निघताना

एमबीएच्या प्रवेशाचा हंगाम आला की नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलांच्या मोबाइलवर पुण्या-हैदराबादच्या खासगी संस्थांचे फोन येऊ लागतात. आजच टोकन भरा, सीट धरून ठेवा, उद्या फी वाढेल. हे फोन नागपुरात येतात तसे सिरोंचातही येतात. पण नागपुरातल्या बापाला ओळखीत चार एमबीए झालेली माणसे असतात. सिरोंचातल्या बापाने कोणाला विचारायचे? जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोली दोनशे किलोमीटरहून लांब, घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि फोनवरचा समुपदेशक बोलतो इंग्रजी. अशा घाईत टोकन भरले जाते आणि पुढची दहा वर्षे ते घर फेडत बसते.

म्हणून स्पष्ट लिहायला हवे. नामांकित महागडी संस्था घ्यावी की स्वस्त शासकीय विद्यापीठ, हे इथल्या घराने पहिल्यांदा कर्जाच्या कागदावर तपासावे. साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला बँका सर्वसाधारणपणे तारण मागतात. सिरोंचा तालुक्यात अनेक घरांकडे जमीन म्हणून आहे तो वनहक्काचा पट्टा. २००६ च्या कायद्याप्रमाणे तो वारसाला मिळतो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. तारण म्हणून बँक तो धरत नाही. मग उरते ती नोकरदार नातलगाची सही, नाहीतर घरातले सोने.

हीच बँक आयआयएमचे प्रवेशपत्र दाखवले की तारणाची अट सोडते. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली पीएम विद्यालक्ष्मी योजनाही निवडक दर्जेदार संस्थांसाठीच आहे. तिथे तारण नको, जामीनदार नको, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत. पैसे परत येतील की नाही, याचा हिशेब बँकेने संस्थागणिक आधीच करून ठेवला आहे. तो आपल्याला फुकट मिळतो. टोकन भरण्याआधी शाखेत जाऊन एकच विचारावे: या संस्थेसाठी तारणाशिवाय कर्ज देता का? उत्तर नाही असे आले, तर ती संस्था तिथेच सोडावी. माहितीपत्रकातल्या सर्वोच्च पॅकेजच्या आकड्याला भुलू नये. तो आकडा एका मुलाचा असतो.

आयआयएमला नंबर लागला तर जरूर जावे. २०१५ साली सुरू झालेली आयआयएम नागपूर आता मिहानमध्ये आहे, म्हणजे विदर्भातच. दोन वर्षांची फी वीस लाखांच्या घरात जाते, आणि वीस लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता महिना साधारण २६,४०० रुपये पडतो. शिकत असतानाचे व्याज त्यात धरलेले नाही. रक्कम मोठी आहे, पण तिथून निघणाऱ्या मुलाला ती पेलते. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांनी केंद्रीय आदिवासी मंत्रालयाची उच्च शिक्षण शिष्यवृत्तीही पाहावी. सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या एक हजार नव्या विद्यार्थ्यांना ती दरवर्षी निवडक संस्थांसाठी मिळते.

घात होतो तो मधल्या संस्थांत. नाव अर्धे, फी पूर्ण. दहा-पंधरा लाख भरून जी नोकरी लागते, तीच शासकीय विद्यापीठातून शिकलेल्यालाही लागते. आणि शासकीय म्हणजे दुय्यम, ही समजूत तर मुळातच खोटी आहे. मुंबई विद्यापीठाची चर्चगेटची जमनालाल बजाज संस्था १९६५ पासूनची. देशातल्या बड्या कंपन्या तिथे रांग लावतात, आणि फी आयआयएमच्या निम्म्याहूनही बरीच कमी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग, ज्याला सगळे पुम्बा म्हणतात, तोही असाच. दोन्हींचा रस्ता राज्याच्या सीईटीतून जातो.

या रस्त्यावर आणखी एक मोठी गोष्ट आहे आणि ती आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्याने जुलै २०२४ पासून पूर्ण माफ केले आहे. अट एवढीच की प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला, किंवा अभिमत वा खासगी विद्यापीठात घेतला, तर माफी नाही. आदिवासी विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती वेगळी, तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. घाईत टोकन भरणारी मुलगी हा सगळा हक्क एका सहीने सोडून देते आणि समुपदेशक तिला ते सांगत नाही. गोदावरी ओलांडून तेलंगणातल्या वरंगळच्या काकतीय विद्यापीठात जाणे सिरोंचाला जवळचे, सोयीचेही. पण महाराष्ट्राची फीमाफी नदीपलीकडे चालत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे.

खरे तर व्यापार शिकवायला सिरोंचाएवढी चांगली जागा नाही. मे महिन्यात पहाटे अंधारात तेंदूपानांसाठी जंगलात शिरायचे, दुपारी ओसरीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. ही मोजदाद इथल्या पोरांना शाळेच्या वयापासून येते. फळीवरून पुढे मात्र कागद सुरू होतो: निविदा, अनामत, करारनामा, हप्ते. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेने स्वतः बांबू विकला. तेव्हापासून या जिल्ह्यातल्या ग्रामसभा मोठे व्यवहार करू लागल्या. ठेकेदाराकडे पैसे अडकल्याच्या तक्रारी तरीही नव्या नाहीत. करारातली दंडाची ओळ वाचणारा माणूस गावात हवा, आणि तो गावातला हवा. मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या मजुरांच्या मुलांनी मिरचीचा बाजारही शिकायला हवा.

हे काम गोंडवाना विद्यापीठाचे आहे. २०११ मध्ये हे विद्यापीठ चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठीच वेगळे काढले गेले. ‘विद्यापीठ आपल्या गावात’ म्हणत त्याने पदवीचे वर्ग गावांत नेले, तसे व्यवस्थापनाचे वर्ग सिरोंचात आणावेत. शासकीय फीत आणावेत आणि अभ्यासक्रमात तेंदू, बांबू व मिरची ठेवावी. लोकप्रतिनिधींनी हे मागून घ्यावे.

यंदा प्रवेश घेणाऱ्यांनी मात्र थांबू नये. उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आजच टाकावा. कॅप फेरीत राखीव जागा याच कागदांवाचून हातची जाते.