अंगण खरेच वाकडे असते तेव्हा

जुनी मोटार सकाळी चालू झाली नाही की तिच्यावरचा आरोप ठरलेला असतो. "सहा व्होल्टची गाडी! तिच्यात दम कुठून असणार?" गॅरेजवाला म्हणतो, "शेठ, बारा व्होल्ट करून टाका." मालक मान डोलावतो, आणि जी गाडी आपल्या तरुणपणी सहा व्होल्टवर सुखाने चालली तिचे सारे वायरिंग उपसले जाते. माझे मत याच्या अगदी विरुद्ध आहे. या गाड्या नव्या होत्या तेव्हा सहा व्होल्टवरच चटकन चालू होत असत. मग आजच का होत नाहीत, हे कोणी विचारतच नाही.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ही उठाठेव कशाला, असे आमचे विज्ञान शाखेचे मित्र म्हणतील. त्याचे कारण खानवेलला आहे. सिल्वासाहून वीसेक किलोमीटरवर, साकरतोड नदीच्या काठी असलेल्या या गावात माझे काका राहतात. त्यांच्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली एक विलीज जीप आहे. दादरा-नगरहवेलीतून पोर्तुगीज गेले १९५४ साली. जीप त्याहून दहा वर्षांनी थोरली! गेल्या वर्षी काकांनी हौसेने तिचे रंगकाम करून घेतले. चासी, इंजिन, बॅटरीची बैठक, सगळे कसे लखलखीत झाले. आणि तेव्हापासून जीप चालू होईना. पायाखालचा स्टार्टर दाबला की "घुर्र... घुर्र" करून गप्प. शेवटी हँडल मारायचे, नाहीतर चार पोरे गोळा करून धक्का द्यायचा. तेव्हा बारा व्होल्टचा सल्ला काकांनाही मिळालाच.

आता थोडा हिशेब मांडतो. तो आमच्या शाखेला येतो. इंजिन फिरवायला स्टार्टरला ठरावीक शक्ती लागते. व्होल्ट निम्मे असले तर तेवढ्याच शक्तीसाठी विद्युतप्रवाह दुप्पट लागतो. समजा, बारा व्होल्टच्या गाडीचा स्टार्टर १०० अँपिअर घेतो. तर तेवढ्याच ताकदीचा सहा व्होल्टचा स्टार्टर २०० घेईल. वाटेत कुठेतरी गंजलेला जोड आहे आणि त्याचा रोध ओहमच्या एक हजारांश भागाच्या पाचपट, म्हणजे ०.००५ ओहम, आहे असे धरू. बारा व्होल्टच्या गाडीत तिथे अर्धा व्होल्ट गळेल, म्हणजे शेकडा चार. सहा व्होल्टच्या गाडीत एक व्होल्ट गळेल, म्हणजे शेकडा सोळाच्या वर! तोच जोड, तोच गंज, पण नुकसान चौपट. बारा व्होल्टची गाडी गलथानपणा खपवून घेते आणि सहा व्होल्टची घेत नाही, एवढाच काय तो फरक. ज्या दुकानात गल्ल्यातून रोज पैसे गळतात तिथे भांडवल दुप्पट करणे हा उपाय झाला काय?

बरे, हा एक व्होल्ट नुसत्या स्टार्टरचाच जातो असे नाही. उरलेल्यातूनच इग्निशन कॉइलला प्रवाह मिळतो. बॅटरी आणि जोड मिळून व्होल्ट चारवर आले की ठिणगी मंद पडते. म्हणून पुष्कळदा असे होते की इंजिन फिरत राहते पण पेटत नाही, आणि स्टार्टरवरून पाय काढताक्षणी एक उचकी देऊन पेटते. लोक याला गाडीचा लहरीपणा म्हणतात.

काकांच्या जीपची तपासणी आम्ही साध्या मल्टिमीटरने केली. इग्निशन बंद ठेवायचे, मीटरची एक पिन बॅटरीच्या धन खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खांबावरच) आणि दुसरी स्टार्टरच्या टर्मिनलवर लावायची, मग एकाने स्टार्टर दाबायचा. मीटर जे दाखवील तेवढे व्होल्ट वाटेत हरवले. आमच्याकडे ते पाऊण व्होल्टाच्या आसपास निघाले. नंतर ऋण खांब आणि स्टार्टरची बॉडी यांमध्ये तीच परीक्षा केली. तिथे एकाहून जास्त! दोन्ही मिळून जवळजवळ दोन व्होल्ट, सहापैकी दोन, स्टार्टरपर्यंत पोहोचतच नव्हते.

माझे आजोळ कन्नड. "कुणियलारदवळु नेल डोंकु अंदळु" असे अज्जी नेहमी म्हणते. मराठीत आपण "नाचता येईना अंगण वाकडे" म्हणतो तेच. इथे मात्र नाचणारी निर्दोष होती आणि अंगण खरोखरच वाकडे होते. मोटारीचे अंगण म्हणजे तिचे अर्थिंग. (आमच्या शाखेत अर्थ म्हणजे पैसा, गॅरेजात अर्थ म्हणजे जमीन, दोन्हींवाचून अडते.) इंजिन रबराच्या बैठकींवर बसलेले असते. इंजिनपासून चासीपर्यंत तांब्याचा विणलेला पट्टा नसेल, तर प्रवाहाला परतीची वाट उरत नाही. रंगकाम करणाऱ्याने तो पट्टा रंगावरूनच आवळला होता, आणि बॅटरीच्या ऋण केबलचे थिंबलही रंगावरच. रंग वीज वाहून नेत नाही हे त्याला कोणी सांगितले नसावे.

आम्ही ते जोड पत्रा उघडा पडेपर्यंत खरवडले. पायाच्या स्विचचे तांब्याचे संपर्क जळून खड्डे पडलेले होते, ते घासून सपाट केले. मग केबल. कोणीतरी मागे बारा व्होल्टच्या गाडीची बारीक केबल बसवली होती. तिच्या जागी वेल्डिंगची ७० चौरस मिलिमीटरची घेतली आणि थिंबल नीट दाबून बसवली. खानवेलचा पाऊस काय असतो हे तिथे राहिलेल्यालाच ठाऊक. बॅटरीच्या खांबांवर निळसर पांढरी भुकटी जमते. ती गरम पाणी व खाण्याचा सोडा लावून धुतली आणि वर व्हॅसलीन चोपडले. बॅटरी तीच, स्टार्टर तोच. जीप आता इंजिन थंड असतानाही दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यात पेटते.

खर्च? केबल, थिंबल आणि एक पट्टा. उलट बारा व्होल्ट करायचे तर बॅटरी, सगळे दिवे, कॉइल, हॉर्न, डायनामो, रेग्युलेटर, मीटर यांचा विचार आला. आणि गंमत अशी की पुष्कळ ठिकाणी स्टार्टर मात्र सहा व्होल्टचाच ठेवतात. तो जोरात फिरतो खरा, पण फ्लायव्हीलच्या दात्यांवर दर वेळी हातोडा बसल्यासारखा आघात होतो. आठ व्होल्टची बॅटरी घालणे ही अशीच एक पळवाट. रेग्युलेटर जुळवून घेतला नाही तर ती बॅटरी कधीच पुरती चार्ज होत नाही, आणि घेतला तर दिवे लवकर जातात. मोटारसायकलची सहा व्होल्टची बॅटरी लावून पाहणारेही भेटले. व्होल्ट सारखे म्हणून क्षमता सारखी होते काय? जीपला शंभराहून अधिक अँपिअर-तासांची बॅटरी लागते.

जो माणूस जुनी गाडी रोज रात्री-अपरात्री वापरतो त्याने बारा व्होल्ट करून घेतले तर मी त्याच्याशी भांडणार नाही. अमेरिकेतल्या बहुतेक गाड्याही १९५५ च्या सुमारास बारा व्होल्टवर गेल्या. मोठी, जास्त दाबाची इंजिने आणि वाढती उपकरणे हे त्याचे कारण. पण जीपचे सव्वादोन लिटरचे मवाळ इंजिन त्यात मोडत नाही. शिवाय २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, आणि अट अशी की वाहन मूळ रूपात राखलेले असावे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशाच कामांसाठी आणता येते. म्हणजे रोजच्या सोयीसाठी तिचे मूळ वायरिंग उपसण्याचे कारणही उरत नाही.

आपल्याकडे रंगाचे कौतुक फार. मेळाव्यात गाडी उभी असते, लोक तिच्यात आपला चेहरा पाहतात. परीक्षकांना माझी एकच सूचना आहे : बक्षीस देण्यापूर्वी मालकाला बॉनेट उघडायला सांगावे, अर्थिंगचा जोड पाहावा, आणि गाडी थंड असताना एकदा स्टार्टर दाबायला लावावा.