सहीआधी बहिणीला वाचू द्या

तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात मी वकील म्हणून दस्त करते. हक्कसोडपत्राला आलेली बहीण बहुतेकदा कागद न वाचताच सही करते. ‘वारसनोंदीसाठी लागते’ एवढंच तिला सांगितलेलं असतं. हे साफ खोटं आहे. वडील गेल्यावर सातबाऱ्याला वारसांची नावं लावायला तलाठ्याकडे अर्ज करायचा असतो. त्यासाठी कुणाला हक्क सोडावा लागत नाही. हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतःच वाटा आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो दिला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अटही काढली. माहेर तुटेल या भीतीने दिलेली संमती मला संमती वाटत नाही. भावांनो, नोंदणीच्या आठ दिवस आधी मसुदा तिच्या हाती द्या, गट नंबरासकट.