आजारपणातला पगार

“पोरांनाच ईएसआय नको असतं हो. कापू नका, हातात द्या म्हणतात.” भोसरी, अंबड, शिरोली, वाळूज, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत लहान कारखानदाराशी कामगारांच्या आरोग्याचा विषय काढा, हे उत्तर ठरलेलं असतं. ते खोटं नाही. कामगार खरोखर तसं म्हणतो. पण कामगाराचीच संमती आहे म्हटल्यावर मालकाची जबाबदारी संपली, हा त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मला साफ अमान्य आहे.

आधी हिशेब पाहू. महिना 18,000 रुपये मिळवणाऱ्या हेल्परच्या पगारातून राज्य कामगार विमा योजनेसाठी, म्हणजेच ईएसआयसाठी, 0.75 टक्के कापले जातात. ते होतात 135 रुपये. मालकाने स्वतःच्या खिशातून भरायचे असतात 3.25 टक्के, म्हणजे 585 रुपये. ‘हातात द्या’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फक्त 135 रुपये असतात, कारण पगाराच्या चिठ्ठीवर कपात म्हणून तेवढेच दिसतात. नोंदणी टळली की त्याला 135 मिळतात आणि मालकाचे 585 वाचतात. हा दुसरा आकडा सांगून मग त्याची पसंती विचारणारा मालक विरळाच. अर्धी माहिती देऊन मिळवलेल्या होकाराला संमती म्हणता येत नाही. शिवाय कायद्याने ही निवड कामगारावर सोडलेलीच नाही. योजना लागू असलेल्या कारखान्यात 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या प्रत्येकाची नोंदणी मालकाने करायचीच असते.

आता या पैशांत काय मिळतं ते पाहा. दवाखाना आणि कुटुंबाचे उपचार सगळ्यांना ठाऊक असतात. पण ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते. क्षयासारख्या ठरवून दिलेल्या दीर्घ आजारांत ती 80 टक्के होते आणि दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. बाळंतपणात 26 आठवडे पूर्ण वेतन असतं. कामावरच्या अपघाताने घरी बसावं लागलं तर 90 टक्के. रोजच्या कमाईवर चालणाऱ्या घराला हॉस्पिटलचं बिल जेवढं मोडतं, तेवढंच बंद पडलेला पगार मोडतो. या दुसऱ्या संकटावर ‘हातात दिलेल्या’ 135 रुपयांत कोणती तरतूद होणार आहे?

यापेक्षा वाईट प्रकार नोंदणी करणाऱ्यांतही चालतो, आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. प्रत्यक्ष पगार 18,000 आणि कागदावर 12,000. उरलेले सहा हजार व्हाउचरवर. यात मालकाचे माणशी महिन्याला 195 रुपये वाचतात. समजा त्या कामगाराचा हात पॉवर प्रेसखाली आला. कामावर परतेपर्यंत त्याला वेतनाच्या 90 टक्के मिळायचे असतात, पण कुठल्या वेतनाच्या? कागदावरच्या. खऱ्या पगारावर दिवसाला साधारण 540 रुपये मिळाले असते, ते 360 होतात. अपंगत्व पूर्ण आणि कायमचं ठरलं तर हा दिवसाचा 180 रुपयांचा खड्डा आयुष्यभर तसाच राहतो. मालकाला महिन्याला 195 रुपयांची बचत आणि कामगाराला रोज 180 रुपयांचा तोटा. हा व्यवहार ज्याने केला, त्याला मी काटकसरी म्हणणार नाही. त्याने एका माणसाच्या हाताची भरपाई आधीच खाऊन टाकलेली असते.

आणि नोंदणी तरी केव्हा होते? सेफ इन इंडिया या संस्थेने गुरुग्राम-मानेसर भागातल्या वाहन-उद्योगातील जखमी कामगारांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या आहेत. त्यांतल्या बहुतेकांना ईएसआयचं ओळखपत्र अपघातानंतरच मिळालं होतं, असं तिचे अहवाल सांगतात. कार्ड रुजू होतानाच हातात पडायला हवं. बोट तुटल्यावर धावपळ करून काढलेल्या कार्डाने तो अपघात निस्तरेल. पण त्याआधीच्या काळात त्याच्या घरातलं कुणी आजारी पडलं असेल, तर तो खर्च त्याने कर्ज काढूनच भागवलेला असतो.

“दवाखान्यांची अवस्था पाहिलीत का?” हा दुसरा मुद्दा, आणि त्यात तथ्य आहे. औषधं वेळेवर नसतात, तज्ज्ञ डॉक्टर कमी, रांगेत दिवस जातो आणि त्या दिवसाची हजेरी बुडते. 17 डिसेंबर 2018 रोजी अंधेरीच्या मरोळमधल्या ईएसआय रुग्णालयाला आग लागली आणि उपचारांसाठी आलेली माणसं दगावली. त्या घटनेवर पांघरूण घालून या योजनेची बाजू मांडणं मला जमणार नाही. पण दवाखाना वाईट म्हणून वर्गणी चुकवायची, तर मग आजारपणातल्या पगाराचं काय? तो दवाखान्याच्या भिंतींवर अवलंबून नाही. शिवाय ईएसआय महामंडळावर मालकांचे प्रतिनिधी कायद्यानेच बसतात, कामगारांच्या प्रतिनिधींइतकेच. 1 जुलै 2019 पासून मालकांचा वाटा 4.75 वरून 3.25 टक्क्यांवर आला. बोजा उतरल्याचं उद्योजकांच्या संघटनांनी स्वागत केलं. जेवढ्या जोराने त्या दराबद्दल बोलतात, तेवढ्याच जोराने आपल्या वसाहतीतल्या दवाखान्यातल्या रिकाम्या जागांबद्दल बोलल्या, तर त्यांचं ऐकलं जाईल.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे की, असंही कुणी सुचवतं. ती मोलाची योजना आहे. पण ठरावीक उपचारांसाठी रुग्णालयात दाखल झाल्यावर ती उपयोगी पडते. बुडालेला पगार ती देत नाही. ‘ती माणसं ठेकेदाराची’ या सबबीला तर फार वेळ देण्याचं कारण नाही. कंत्राटी कामगाराची वर्गणी आधी मूळ मालकाने भरायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची, हे 1948 च्या कायद्यातच लिहिलेलं होतं.

हा विचार कुणी कालपरवा मालकांच्या माथी मारलेला नाही. प्रा. बी. पी. अडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल 1944 मध्ये सादर केला, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. आजारपणाचा धोका कामगाराने एकट्याने पेलू नये, ज्याच्या कामावर त्याचं शरीर झिजतं त्यानेही त्यात वाटा उचलावा, हा त्यामागचा पाया. म्हणून आरोग्य-लाभ हा मला मालकाच्या मनाचा मोठेपणा वाटत नाही. तो कमावलेल्या पगाराचाच भाग आहे, फक्त आजारपणात हाती येणारा.

एकदा तो पगार मानला की पगाराइतक्याच काटेकोरपणे तो सांभाळावा लागतो. पण 21,000 च्या उंबरठ्यावर माणसं गळतात. ही मर्यादा 1 जानेवारी 2017 पासूनची. पगारवाढ होऊन कामगार 21,500 वर गेला की चालू सहामाही, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चअखेर, संपेपर्यंत तो योजनेत राहतो आणि मग बाहेर पडतो. बढतीचे पेढे वाटणाऱ्या त्या माणसाला कुणी हे सांगत नाही. ही तारीख मालकाला आधीपासून माहीत असते. त्या दिवसापासून ग्रुप मेडिक्लेम सुरू होईल याची सोय तो सहज करू शकतो.

ती पॉलिसीही नुसती स्वस्त आहे म्हणून घेऊ नये. खोलीभाड्याची मर्यादा कमी असेल आणि रुग्ण त्याहून महाग खोलीत गेला, तर अनेक पॉलिसींत फक्त भाडंच नव्हे, डॉक्टरांच्या फीसकट बाकीचा खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. आधीपासूनच्या मधुमेह-रक्तदाबाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का, आईवडील त्यात बसतात का, हे सही करण्याआधी विचारायचे प्रश्न आहेत. आणि आजारपणातला पगार पॉलिसी देत नाही, तेव्हा मर्यादेबाहेर गेलेल्यांसाठी भरपगारी आजारपणाची रजा कंपनीच्या नियमांत लिहून ठेवावी लागेल. कॅशलेस अडकलं तर रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा, त्याचं नाव आणि नंबर गेटवर, मराठीत आणि हिंदीत, लावावा. कार्यालयातल्या एका माणसाकडे हे काम नावानिशी सोपवावं, आणि पगारपत्रकावर कपातीच्या 135 शेजारी मालकाच्या वाट्याचे 585 सुद्धा छापावेत.