ग्लायफोसेट आणि बायरचे वेर्नर बाउमन : एका सौद्यातून शेतकऱ्याने घ्यायचा धडा

ग्लायफोसेट हे तणनाशक आपल्याकडे घराघरात माहीत आहे. याच तणनाशकामुळे जर्मनीतील बायर कंपनीचे प्रमुख वेर्नर बाउमन अडचणीत आले. त्यांची कहाणी आपल्यालाही उपयोगाची आहे.

बाउमन १९८८ मध्ये बायरच्या वित्त विभागात लागले आणि १ मे २०१६ रोजी कंपनीचे प्रमुख झाले. त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेची मोन्सँटो कंपनी विकत घ्यायचे ठरवले. जून २०१८ मध्ये सुमारे ६३ अब्ज डॉलरचा हा व्यवहार पूर्ण झाला. बियाणे आणि औषधे एकाच छताखाली आणायची, हा त्यामागचा हिशेब होता.

पण मोन्सँटोसोबत ‘राउंडअप’ या ग्लायफोसेटयुक्त तणनाशकावरचे खटलेही आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्येच ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे मत मात्र वेगळे आहे आणि कंपनीही हे तणनाशक सुरक्षित असल्याचे सांगते. तरीही व्यवहारानंतर दोनच महिन्यांत कॅलिफोर्नियातील ज्युरीने २८.९ कोटी डॉलर भरपाईचा निकाल दिला. ही रक्कम पुढे बरीच कमी झाली, पण शेअर घसरला. एप्रिल २०१९ च्या वार्षिक सभेत सुमारे ५५ टक्के मते संचालक मंडळाच्या कारभाराविरुद्ध पडली. २०२० मध्ये कंपनीने तडजोडीसाठी १०.९ अब्ज डॉलरपर्यंत रक्कम जाहीर केली. मे २०२३ अखेर बाउमन पायउतार झाले.

यात आपला संबंध काय? वस्तू घेतली की तिची जोखीमही सोबत येते. एवढ्या मोठ्या कंपनीला ती महागात पडली, मग दोन-चार एकरवाल्याने किती जपायला हवे!

भारतात ग्लायफोसेटची शिफारस चहाचे मळे आणि बिगर-पीक क्षेत्रासाठी होती, कपाशीसाठी नव्हती. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने त्याचा वापर फक्त परवानाधारक कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करण्याचा आदेश काढला. तणनाशक सहनशील (एचटीबीटी) कपाशीच्या लागवडीला तर केंद्राची परवानगीच मिळालेली नाही. असे बियाणे चोरून घेतले आणि उगवले नाही, तर बिलाअभावी तक्रार टिकत नाही.

म्हणून एवढे कराच :

• लेबलवर आपल्या पिकाचे नाव असेल तरच तणनाशक वापरा.
• बॅच नंबर असलेले पक्के बिल घ्या आणि हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा.
• फवारताना हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका.
• सध्याचा नियम तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून तपासून घ्या.

न्यायालयात खटला लढायला कंपनीकडे वकिलांची फौज असते. आपल्याकडे पक्के बिल, लेबल आणि स्वतःची काळजी एवढेच असते.